प्रस्तावना : वॉल कोण फिरवतं?

काही वर्षांपूर्वी माझी एक एम.टेक.ची विद्यार्थिनी डोंगराळ तालुक्यातल्या एका गावात नळयोजनेचा अभ्यास करायला गेली. हातात १५ लिटरची बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. गावठाणातल्या पहिल्या नळाला बादली ४० सेकंदांत भरली. वरच्या वाडीतल्या शेवटच्या नळाला तीच बादली भरायला सहा मिनिटं लागली आणि थोड्याच वेळात नळ आटला. ती आकडे वहीत उतरवत असताना शेजारी हंडा घेऊन बसलेल्या आजी म्हणाल्या, "बादली मोजतीस ते ठीक हाय बाई. पर वॉल कोण फिरवतंय, ते लिवलंस का?"

तिनं ते लिहिलं नव्हतं. तिच्या सिनॉप्सिसमध्ये व्हॉल्व्ह होता, त्याचा व्यास होता. फिरवणारा माणूस नव्हता. पुढचे तीन आठवडे ती त्या माणसाच्या, गावच्या वॉलमनच्या, मागे फिरली. ग्रामपंचायतीकडून त्याला मिळणारं मानधन तुटपुंजं, तेही चार-चार महिने थकलेलं. पंपाला थ्री-फेज वीज कधी मध्यरात्री यायची, कधी पहाटे. त्या वेळी अंधारात टाकीपर्यंत चढायचं त्यालाच. राहायला तो गावठाणात. गावठाणाचं पाणी आधी सोडलं नाही, तर सकाळी त्याच्या दारात भांडण उभं राहायचं. वाडीवरून भांडायला खाली कोण येणार? मग तिनं ग्रामपंचायतीच्या दप्तरातून योजनेची मोजमाप पुस्तिका मिळवली आणि वाडीच्या चढावर दोन ठिकाणी खोदून पाहिलं. आराखड्यात तिथे ९० मिलिमीटरची पाइप होती, जमिनीत ६३ची निघाली. व्यासातला हा फरक डोळ्यांना किरकोळ दिसतो. पण तेवढंच पाणी न्यायचं, तर ६३च्या पाइपमध्ये घर्षणात जाणारा दाब पाचपटीहून अधिक असतो.

वाडीला पाणी का नाही, याचं अर्धं उत्तर पाइपमध्ये होतं, अर्धं माणसांत, आणि दोन्ही एकमेकांत पार गुंतलेली. काम चालू असताना वाडीवरचं कोणी लक्ष ठेवायला नव्हतं, म्हणून बारीक पाइप पडली. पाइप बारीक, म्हणून वॉलमननं वेळ दिला तरी पाणी चढेना. पाणी चढत नाही, म्हणून त्यानं वेळ देणंही सोडलं.

तिच्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे सगळं समाजशास्त्र झालं, यात इंजिनिअरिंग कुठे आहे?" पुढे याच कामावरचा लेख आम्ही समाजशास्त्राच्या एका नियतकालिकाकडे पाठवला, पाइपांची कोष्टकं फार झाली आहेत, या शेऱ्यासह तो परत आला. हे पुस्तक त्या परत आलेल्या लेखातून सुरू झालं.

यात लिहिणारे सगळे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत किंवा कालपरवापर्यंत होते. काही स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीतले, काही अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोलातले. विषय एकच, पाणी. या मंडळींनी दोन विद्याशाखांच्या मधल्या बांधावर उभं राहून काम केलं आहे. बांधावर उभं राहणं आपल्याकडे अवघड असतं, कारण दोन्ही शेतवाले म्हणतात, हा आमच्यातला नाही. पण हा बांध नवा नाही, आणि त्यावरून आधी कोण कोण चाललं, हे नव्या वाचकाला ठाऊक असावं म्हणून थोडं मागे जाते.

१८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, त्याचंच पुढे कॉलेज झालं. तिथून १८८३ साली पहिल्या क्रमांकानं बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आपल्याला खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे माहीत असतात. माझ्या मते त्यांचं अधिक विचार करायला लावणारं काम म्हणजे दख्खनच्या कालव्यांवरची ब्लॉक पद्धत. कालव्याचं पाणी काही ठिकाणी अति होऊन जमिनी चिबड व्हायच्या, तर काही गावं कोरडी राहायची. पाणी जास्त गावांत पसरावं आणि पिकांची फेरपालट व्हावी, म्हणून त्यांनी क्षेत्राचे ब्लॉक पाडायचं ठरवलं. पाणी कुणाला आणि किती, हा प्रश्न त्यात गणिताइतकाच ठसठशीत आहे. त्याच्याही कितीतरी आधीपासून खानदेशात पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धत चालत आली होती. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. तिथे बंधारा आणि कायदा एकाच हातानं बांधला गेला होता.

अभ्यास म्हणून या प्रश्नांकडे पाहणं सुरू झालं ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ. माती तपासता तपासता ते शेतकऱ्याच्या कर्जापर्यंत पोहोचले आणि १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. १७७१ साली त्या गावात सरासरी ४० एकर असलेली धारण १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. आज त्या गावात टोलेजंग सोसायट्या आहेत आणि तिथल्या रहिवाशांना उन्हाळ्यात टँकर लागतात. कुणा विद्यार्थ्यानं मान यांच्या नोंदी घेऊन पुन्हा तिथे जायला हवं, असं मला फार वाटतं. मान यांच्या अभ्यासानंतर पुढच्याच वर्षी, १९१८ साली, डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणांवर निबंध लिहिला आणि दुखण्याचं मूळ तुकड्यांपेक्षा शेतीवर पडलेल्या माणसांच्या भारात आहे, असं दाखवलं.

आंबेडकरांकडे या दृष्टीनं पुरेसं पाहिलं गेलेलं नाही. लंडनला डी.एस्सी.साठी केलेला रुपयाचा अभ्यास १९२३ साली पुस्तकरूपानं आला, कोलंबियातलं प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं काम १९२५ साली. दोन्ही विद्यार्थीदशेतली कामं, दोन्ही अर्थशास्त्रातली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी दाखवून दिलं की तळ्यात पाणी असणं आणि ते माणसाला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेच आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते आणि पाटबंधारे व वीज त्याच खात्याकडे होती. दामोदर खोऱ्याची बहुउद्देशी योजना आणि मध्यवर्ती जल आयोगाची पायाभरणी त्या वर्षांतली. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जलसंपदा शिकवताना त्यांचं नाव यायला हवं.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. ते जीवशास्त्राकडून नगररचनेकडे आलेले गृहस्थ. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे लोकांच्या मिळकतीत, मजुरीत, व्यापारात नेमका काय फरक पडला, याचा संस्थेनं केलेला अभ्यास १९४८ साली आला. कालव्याचा हिशेब फक्त पाणीपट्टीवर करू नये, हे त्यानं दाखवून दिलं. आणि १९६९ साली इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांचा कोयनेच्या विस्थापितांचा अभ्यास आला. धरण बांधणाऱ्यांच्या कागदांत जी माणसं बुडीत क्षेत्र या शब्दाखाली होती, ती त्यात घरं, नाती, जमिनी आणि देवांसकट दिसतात. मला हे आपल्या भाषिक प्रदेशातलं या क्षेत्राचं पहिलं खरं मोठं काम वाटतं, कारण त्यानं एका अभियांत्रिकी प्रकल्पाला त्याच्या संपूर्ण किमतीचा हिशेब विचारला.

जगात इतरत्र हे कसं वाढलं, ते थोडक्यात सांगते. पण दोन प्रबंधांपाशी मी थांबणार आहे, कारण ते विद्यार्थ्यांचे आहेत.

शिकागो विद्यापीठात भूगोलाच्या गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४२ साली पुरांवर पीएचडीचा प्रबंध लिहिला. अमेरिकेत तेव्हा पुरावर एकच औषध होतं : धरणं आणि नदीकाठचे बांध. व्हाइट यांचा मुद्दा असा की बांध झाला, की लोकांना धीर येतो, ते पूरक्षेत्रात आणखी घरं बांधतात आणि मोठा पूर आला की नुकसान आधीपेक्षा जास्त होतं. म्हणून जमिनीचा वापर, इशारे, विमा, घर बांधण्याची रीत हे सगळं पूरनियंत्रणातच मोजायला हवं. २००५ आणि २०१९चा कृष्णा-पंचगंगेचा महापूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

दुसरा प्रबंध एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा. त्यांना अर्थशास्त्रात पीएचडी करायची होती, पण शाळेत त्रिकोणमिती झालेली नाही म्हणून प्रवेश मिळाला नाही. त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. लॉस एंजलिस भागातलं एकेक भूजल खोरं एकेका विद्यार्थ्याला अभ्यासाला दिलं गेलं, त्यात त्यांच्या वाट्याला वेस्ट बेसिन आलं. उपसा एवढा झाला होता की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत घुसत होतं. उपसा करणाऱ्यांनीच संघटना केली, कोर्टाच्या आधारानं एकमेकांच्या उपशावर मर्यादा घातली आणि किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीत भरून खारं पाणी अडवलं. १९६५ साली पूर्ण झालेल्या या प्रबंधात भूजलशास्त्र आहे, कायदा आहे आणि माणसं एकमेकांवर विश्वास कशी ठेवू लागतात हेही आहे. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो हा विषय त्यांनी पुढे ४० वर्षं चालवला म्हणून. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा आहे. त्यामुळे एका विहिरीला पाणी आणि हाकेच्या अंतरावरची कोरडी, हे आपलं रोजचं. आपल्याला वेस्ट बेसिनचा धडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी आणि आपल्या विहिरीचं पाणी एकच आहे, हे सगळ्यांनी मिळून मोजायचं, ही त्यातली रीत लागू होते.

या प्रबंधांच्या आजूबाजूला अभ्यासाची वेगवेगळी घराणी तयार झाली. हार्वर्डमध्ये १९५०च्या दशकात अभियंते आणि अर्थतज्ज्ञ एकत्र बसून नदीखोऱ्यांचं नियोजन गणितात मांडू लागले. लाभ-खर्चाची भाषा तिथून पक्की झाली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली दाखवलं की कोळशाच्या खाणीत नवं यंत्र आलं, पण कामगारांच्या जुन्या छोट्या टोळ्या मोडल्या आणि काम बिघडलं. बॅमफर्थ स्वतः खाणीत राबलेले होते. त्याच संस्थेच्या ए. के. राइस यांनी १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये मागवाल्यांचे गट बांधून हीच गोष्ट उलट्या बाजूनं सिद्ध केली. पुढे तंत्रज्ञान समाजात कसं घडतं, हे पाहणारं घराणं आलं. थॉमस ह्यूज यांचा वीजजाळ्यांचा इतिहास १९८३चा. त्या वळणाचं काम आपल्या मुंबईवरही झालं आहे. लिसा बियोर्कमन आणि निखिल आनंद या दोघांची मुंबईच्या पाण्यावरची पुस्तकं, २०१५ आणि २०१७ची, पीएचडीच्या कामातून उगवली. त्यांत अभियंते आहेत, नगरसेवक आहेत, प्लंबर आहेत आणि हातात लांब चावी घेऊन गल्लीगल्लीचा व्हॉल्व्ह उघडणारे चावीवाले आहेत. माझ्या विद्यार्थिनीच्या वॉलमनचे शहरातले भाऊच ते.

आपल्याकडचं आणखी एक घराणं आहे, आणि मला ते सर्वांत जवळचं. त्याची सुरुवात प्रबंधांतून झाली नाही. १९७२च्या दुष्काळानं हादरलेले विलासराव साळुंखे हे अभियंते पुरंदरच्या नायगावला गेले आणि त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाण्याचा हक्क जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल; भूमिहीनालाही तो मिळेल; आणि उसासारख्या पिकाला ते पाणी नाही. सांगलीच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, त्यासाठी नदीतली थोडी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला. मुक्तिसंघर्ष चळवळीचे कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते तिथे एका चटईवर बसले. समन्यायी पाणीवाटप हा शब्द मराठीत घरचा झाला, तो या कामांमुळे. संस्थात्मक पातळीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अस्त्र हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट आणि मुंबई आयआयटीत १९८५ साली सितारा हे केंद्र सुरू झालं. २०१६ साली महाराष्ट्र शासनानं उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं, त्यामागचा विचारही हाच की अभियांत्रिकी महाविद्यालयानं आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत.

मग आजच हे पुस्तक का? एक कारण सरळ आहे. जलजीवन मिशननं २०१९पासून दर ग्रामीण घरात नळ आणि दरडोई रोज ५५ लिटर पाणी हे लक्ष्य ठेवलं. पाइपा पडल्या आहेत. नळाला पाणी किती दिवस, किती वेळ, कुणाच्या घरी येतं आणि योजना पाच वर्षांनी कोण चालवणार, हे तपासायची वेळ आत्ता आहे. ठेकेदाराचं काम बिल निघालं की संपतं. खात्यातल्या अभियंत्याची बदली होते. एकाच गावाच्या एकाच प्रश्नापाशी दोन-तीन वर्षं बसायची मोकळीक आपल्या समाजात फक्त प्रबंध लिहिणाऱ्याला आहे. आपण ती मोकळीक वाया घालवतो, याचं मला मनापासून दुःख होतं.

दुसरं कारण या विद्यार्थ्यांचंच. आज पीएचडीला येणाऱ्यांत घरातले पहिले पदवीधर कितीतरी आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींवर शिकणाऱ्यांनी पाण्यासाठी हंडे वाहिलेले असतात, शेजपाळीची रात्र जागलेली असते. कालव्याच्या टेलला पाणी का पोहोचत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पण विद्यापीठात आल्यावर त्यांना सांगितलं जातं की ते ज्ञान बाजूला ठेवा आणि आधी परदेशी लेखांचा आढावा घ्या. आढावा घ्यायलाच हवा, मी स्वतः तो कसून घ्यायला लावते. पण प्रश्न घरून आणलेला असला, तर तो टाकून द्यायचं कारण नाही.

दोन शाखांच्या नुसत्या मिश्रणावर माझा विश्वास नाही, हेही सांगून टाकते. साठ प्रश्नांची प्रश्नावली शेवटच्या महिन्यात भरून घेतली, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रबंधात समाज आला, असं होत नाही. तसंच हेड लॉस, म्हणजे पाइपच्या घर्षणात जाणारा दाब, समजून न घेता पाण्याच्या राजकारणावर दोनशे पानं लिहिली, तर जे उतारामुळे घडलं त्याचा दोष माणसांवर जातो आणि जे माणसांनी केलं ते उताराच्या नावावर खपतं. ज्याला वाडीचा प्रश्न सोडवायचा आहे, त्याला बादली मोजता आली पाहिजे आणि वॉलमनच्या ओट्यावर तासभर गप्पही बसता आलं पाहिजे. दोन्ही कौशल्यं शिकायला वेळ लागतो, दोन्हींत हात कच्चा असला की कळतं.

या संग्रहातले लेख त्या दृष्टीनं वाचावेत. प्रत्येक लेख एका जागेपासून आणि तिथल्या माणसानं विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होतो. मोजमापं आहेत, ती कशी घेतली हेही आहे. ज्यांचे अंदाज चुकले, त्यांनी ते चुकल्याचं लिहिलं आहे. असे लेख आम्ही आग्रहानं ठेवले, कारण नव्यानं काम करणाऱ्याला त्यांचाच उपयोग सर्वांत जास्त होईल. मूळ प्रबंध इंग्रजीत होते. लेखकांनी ते मराठीत पुन्हा लिहिले, आणि पुन्हा लिहिताना काहींचे निष्कर्ष बदलले. इंग्रजीत लाभार्थी हा एक शब्द पुरत होता. मराठीत लिहायला बसल्यावर बागायतदार, वाटेकरी, भूमिहीन, माहेरवाशीण असं वेगवेगळं लिहावं लागलं. परिभाषेच्या बाबतीत लोकांचा शब्द आम्ही आधी घेतला : चारी, आवर्तन, टेल, सात नंबरचा अर्ज. लोकांनीच इंग्रजी शब्द आपला केला असेल, तर तो तसाच ठेवला.

पुस्तकाची एक उणीव मला टोचते. मराठवाड्यातून आलेले लेख कमी आहेत आणि कोकणातल्या धनगरवाड्यांवर एकच आहे. पुढच्या खंडात ती भरून काढायची आहे.

त्या आजी आता नाहीत. त्यांच्या वाडीची पाइप मात्र दोन वर्षांपूर्वी बदलली; ग्रामसभेत विद्यार्थिनीच्या वहीतले आकडे वाचून दाखवल्यावर ठराव झाला. तिच्या प्रबंधाची इंग्रजी प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मराठीतला २० पानांचा सारांश ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे आणि तो जास्त हाताळला गेला आहे.

वाचक सरपंच असतील, ग्रामसेवक असतील, पाणीवापर संस्थेचे सभासद असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात असा एखादा मुलगा किंवा मुलगी वही घेऊन आली, तर तिला दप्तर उघडून दाखवा, वॉलमनची गाठ घालून द्या. आणि जाताना तिच्याकडून कबूल करून घ्या, की काम पुरं झाल्यावर त्याची एक मराठी प्रत गावात आणून देईन.